पाठीमागून आलेला शब्द

मे महिना अर्ध्यावर आला की मिल्टन कीन्समधल्या रेडवेच्या दोन्ही कडा पांढऱ्या होतात. रेडवे म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या या गावातल्या तांबड्या वाटा, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी केलेल्या. गाव सगळं मोटारीतून फिरतं, त्यामुळे या वाटा बऱ्याचदा रिकाम्याच असतात. कडेला जे पांढरं फुलतं त्याला इथे काऊ पार्सली म्हणतात. मला ती दरवर्षी फुलोऱ्यावर आलेली कोथिंबीरच वाटते. मिरजेच्या परसात आई काढायला विसरायची आणि मग कमरेएवढी वाढायची तशी. काल संध्याकाळी भाजी घेऊन येताना तिचा दमट हिरवा वास आला आणि मी पेडल मारायची थांबले. सायकल आपली आपण पुढे जात राहिली. तेवढ्या वेळात मी पेम्ब्रुकशरला जाऊन आले.

तीन वर्षं झाली त्याला. वेल्सच्या पश्चिम टोकाला समुद्रालगतचा तो सगळा पट्टा नॅशनल पार्क आहे. एका मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिथे सात दिवस होतो आणि त्यातले बहुतेक दिवस सायकल चालवली. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा शेखर आणि आमची मुलगी ईशा. ईशा तिच्या सायकलवर आणि मी आणि शेखर एकाच सायकलवर, पुढे मागे. दोघांनी चालवायची लांब सायकल असते, टँडेम म्हणतात तिला.

शेखर भूलतज्ज्ञ. आधी लीड्सला आणि मग इथे, मिळून तीस वर्षं त्याने माणसांना झोपवलं आणि जागं केलं. त्याचं काम औषधाचं जितकं तितकंच बोलण्याचं. टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाशी तो क्रिकेटवर, कुत्र्यांवर, त्याच्या बागेतल्या गोगलगायींवर बोलायचा आणि बोलता बोलता माणूस झोपून जायचा. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा फार चांगलं. घरी कौन्सिलचं पत्र आलं तरी उत्तर त्याने लिहायचं आणि मी सही करायची, असा रिवाज होता.

पेम्ब्रुकशरच्या आदल्या वर्षी, मार्चमध्ये, सकाळी दाढी करताना त्याला स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय कमजोर झाले, ते व्यायामाने हळूहळू बरेचसे परतले. शब्द परतले नाहीत. त्याला सगळं समजत होतं. मी काय म्हणते, बातम्यांत काय सांगतात, सगळं. पण सांगायला गेला की पहिलं अक्षर यायचं आणि पुढे दार बंद. इंग्रजीचं तर पहिलं अक्षरही यायचं नाही. मराठी तेवढी तुटक तुटक यायची. स्पीच थेरपीची बाई आठवड्यातून दोनदा येऊन चित्रं दाखवायची. कप, की, चेअर. तो त्या चित्रांकडे बघायचा, घाम पुसायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. आपल्याला लहान मुलांची चित्रं ओळखता येत नाहीत याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने लोकांत जाणंच सोडलं. लंडनमधल्या एजवेअरचे मित्र भेटायला आले तेव्हा वरच्या खोलीतून खाली उतरला नाही. मी चहा करून देत राहिले आणि तो झोपलाय असं सांगत राहिले. त्यांनाही ते खोटं कळत होतं.

आणि मी काय केलं? मी त्याच्या वतीने बोलू लागले. त्याने 'प' म्हटलं की मी म्हणायची पाणी, पेपर, पंखा. त्याने मान हलवली की पुढचा शब्द. वर्षभरात मी यात इतकी तरबेज झाले की तो तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात वस्तू असायची. लोक म्हणायचे, किती करते नवऱ्याचं. मलाही तसंच वाटायचं.

टँडेमची कल्पना ईशाची. ती कार्डिफला प्राथमिक शाळेत शिकवते. अपंगांसाठी सायकली ठेवणारा एक क्लब तिने आमच्या गावात शोधून काढला आणि आम्हाला तीन शनिवार रेडवेवर सराव करायला लावला. पुढे मी, कारण तोल आणि ब्रेक पुढच्याकडे असतात. मिरजेला मी कॉलेजला सायकलनेच जायची, डबलसीट मैत्रिणींना घेऊन. इकडे आल्यावर ते सुटलं होतं. शेखर आयुष्यभर गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस, तो मागे बसायला सहज तयार झाला नाही. पहिल्या शनिवारी पन्नास पावलांत उतरून बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या शनिवारी आम्ही तळ्यापर्यंत गेलो. टँडेमवर मागच्याला काही दिसत नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. म्हणून पुढच्याने सगळं सांगावं लागतं. वळण आलं, चढ आला, थांबतेय. मी सांगायची आणि तो डाव्या हाताने माझ्या पाठीवर टकटक करायचा. एकदा म्हणजे कळलं. दोनदा म्हणजे थांब.

पेम्ब्रुकशरला नेव्हर्न नावाच्या छोट्या गावाजवळ एका शेतघरात आम्ही उतरलो होतो. पहिल्या दिवशी गाडीने सेंट डेव्हिड्सला गेलो. गाव एवढंसं आणि त्याचं कॅथेड्रल एका खोलगट जागी बसलेलं, वरून बघितलं तर आधी फक्त मनोरा दिसतो. जुन्या काळी समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना दिसू नये म्हणून असं खाली बांधलं, असं सांगतात. तिथल्या कॅफेत काऊंटरवरच्या मुलीने शेखरला विचारलं, काय घेणार. तो 'क' म्हणाला आणि थांबला. मागे रांग होती. मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, यांना दूध चालतं का. मी म्हटलं, हो, चहाच द्या दूध घालून. शेखर वळला आणि बाहेर भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. चहा तसाच गार झाला. संध्याकाळी त्याने गाडीच्या किल्लीकडे आणि मग रस्त्याकडे बोट दाखवलं. घरी जाऊ या.

त्या संध्याकाळी ईशा मला शेताच्या फाटकापर्यंत घेऊन गेली. तिचं मराठी इथे वाढलेल्या पोरांचं, लिंगाबिंगाची फिकीर नसलेलं.

"आई, त्याला कॉफी पाहिजे होता."

"मग म्हणायचं ना त्याने."

"तो म्हणतच होता. तू त्याचे सगळे सेंटेन्सेस फिनिश करतेस. ऑल द टाइम. त्याला टर्नच मिळत नाही."

मला राग आला. वर्षभर रजा काढून काढून, ऑफिसातलं टेस्टिंगचं काम घरून करून, एकटीने केलं होतं सगळं. मी तिला म्हटलं, आठवड्याला एक फोन करणाऱ्यांनी मला शिकवू नये. ती रडली नाही, भांडलीही नाही. फाटकावर हात ठेवून उभी राहिली. समोर उतारावर मेंढ्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची एक राखाडी पट्टी. मग ती म्हणाली की उद्या भाड्याची सायकल येणार आहे, एक दिवस चालवून बघू, बाबाला नाही आवडलं तर परत जाऊ.

सकाळी व्हॅनमधून टँडेम आली. हिरवी, लांबलचक, चढावर मदतीला छोटी बॅटरी असलेली. शेखर नाश्ता करत होता. ईशा दारातून ओरडली, "बाबा, तुझा सायकल आला."

शेखरने चमचा खाली ठेवला. ओठ जुळवले. मी शेजारीच होते, शब्द माझ्या जिभेवर होता, आणि कशी कोण जाणे मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आली."

ईशा म्हणाली, "काय?"

"सायकल... आली."

लहानपणापासून तो तिची ही चूक सुधारत आला होता. टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो. तिला वैताग यायचा. त्या सकाळी तिने वडिलांसमोर बसून तीनदा म्हणून दाखवलं, सायकल आली, सायकल आली, सायकल आली.

तिकडच्या वाटा कशा सांगाव्यात. दोन्ही बाजूंना माती आणि दगड रचून केलेले पुरुषभर उंच बांध आणि त्या बांधांवर सगळा मे महिना उभा. कँपियनची गुलाबी फुलं, ब्लूबेल्सची उरलीसुरली निळी, नेचे, आणि पुन्हा ती कोथिंबीर. मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. समुद्र जवळच असतो पण दिसत नाही. वास येतो, वारा येतो. मग अचानक शेताचं फाटक लागतं आणि तेवढ्या चौकटीत निळं पाणी, काळा कडा, एखादी बोट. चार पेडल मारली की चौकट संपते. चढ इतके उभे की बॅटरी असूनही आम्ही उतरून ढकलत जायचो. उतार लागला की माझे दोन्ही हात ब्रेकवर आणि जीव मुठीत.

तिसऱ्या दिवशी नेव्हर्नहून उत्तरेला मॉयल्ग्रोव्हच्या बाजूला निघालो. ईशा बरीच पुढे गेली होती. डोंगराच्या उतारावर सगळीकडे गॉर्सची पिवळीधमक काटेरी झुडपं फुलली होती. मागून आवाज आला.

"व..."

मी म्हणणार होते, वारा? वळण? वेग कमी करू? पण समोरून दोन मेंढ्या वाटेवर उतरल्या आणि माझं लक्ष तिकडे गेलं. मेंढ्या गेल्या. मागे "व... वा..." चाललं होतं. मला मान वळवता येत नव्हती. त्याचे ओठ दिसत नव्हते, डोळे दिसत नव्हते, हात काय दाखवतोय ते दिसत नव्हतं. अंदाज करायला हाताशी काहीच नव्हतं. मी पेडल मारत राहिले. एक फाटक गेलं. दुसरं गेलं. मग पाठीमागून स्वच्छ आवाज आला.

"वास."

मी थांबले नाही. आणखी थोडं अंतर गेल्यावर दुसरा शब्द आला. "नारळ."

खरंच येत होता. गॉर्सच्या फुलांना उन्हात खवलेल्या ओल्या नारळाचा वास येतो. तीन दिवस तो माझ्या नाकाशी होता आणि मला ओळखता आला नव्हता. मी म्हटलं, "हो रे, येतोय. वड्या करताना येतो तसा." त्याने पाठीवर एकदा टकटक केलं. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. वाऱ्यानेच वाळवले.

त्या दिवसापासून तो सायकलवर बोलू लागला. फार नाही. कावळा. लाल चोच. हळू. बघ. कड्यांवर लाल चोचीचे, लाल पायांचे कावळे असतात तिथे, चफ म्हणतात त्यांना. एका चढावर तो म्हणाला, "दमलीस." प्रश्न होता की सांगणं होतं, आवाजावरून कळलं नाही. चौदा महिन्यांत त्याने पहिल्यांदा माझ्याबद्दल काही म्हटलं होतं. मी खाली उतरून त्याच्याकडे न बघता बाटलीतलं पाणी प्यायले, कारण बघितलं असतं तर पुन्हा काहीतरी बोलून बसले असते.

मला वाटतं, त्या आठवड्याने मला जे दिलं ते एवढंच. पाठ. स्ट्रोकनंतरच्या वर्षभरात मी त्याच्याकडे तोंड करून इतकी उभी होते की त्याच्या आणि शब्दाच्या मध्येच येऊन थांबले होते.

नेव्हर्नच्या चर्चमध्ये एका खिडकीच्या तळाला आडवा दगड बसवला आहे. केव्हातरी बांधकामात नुसता दगड म्हणून वापरला गेला. त्यावर एका माणसाचं नाव दोनदा कोरलं आहे. एकदा लॅटिनमध्ये आणि एकदा दगडाच्या कडेवर नुसत्या खाचा पाडून. त्या खाचा म्हणजे केल्टिक लोकांची जुनी लिपी, ओगम. इतक्या रेघा म्हणजे हे अक्षर, तितक्या म्हणजे ते. ईशाने समजावून सांगितलं. शेखर तेव्हा घरी वहीत रेघा काढायचा सराव करत असे, डाव्या हाताने. त्याने तर्जनी त्या खाचांवरून हळूहळू फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग परत सुरुवातीपासून. आम्ही दोघी बाहेर क्रॉस बघायला गेलो. दोन पुरुष उंचीचा दगडी क्रॉस आणि त्यावर गुंफलेल्या रेषा, कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते न कळणाऱ्या. दिवाळीत आई रांगोळीत ज्ञानकमळ काढायची त्याची आठवण झाली. शेखर बराच वेळ बाहेर आला नाही. मी बोलवायला गेले नाही.

शेतघराची मालकीण ग्वेन, पन्नाशीची, मोठ्या हाडाची. तिची आई नव्वदीकडे झुकलेली, दिवसभर स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसलेली असायची. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस लागला आणि आम्ही निघू शकलो नाही. म्हातारी नवे बटाटे अंगठ्याने सोलत होती. तिकडे मेमध्ये नवे बटाटे येतात, सुपारीएवढे, साल पापुद्र्यासारखी. मी गुड मॉर्निंग म्हटलं तर ती वेल्शमध्ये काहीतरी बोलली. ग्वेन म्हणाली, आईला आता इंग्रजी कळत नाही, मनावर घेऊ नका.

मग तिने चहा ओतता ओतता सांगितलं. आईचं इंग्रजी उत्तम होतं, शाळेत शिकलेलं, बाजारात वापरलेलं. गेल्या हिवाळ्यात मोठं आजारपण झालं आणि त्यात ते गेलं.

"डॉक्टर म्हणतात नुकसान झालं," ग्वेन म्हणाली. "मी म्हणते, इंग्रजी पाहुणी होती. एवढी वर्षं राहिली, आता गेली. वेल्श घरचीच. ती कुठे जाणार?"

शेखर दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. तो आत आला, म्हातारीसमोरची खुर्ची ओढून बसला आणि परातीतला एक बटाटा डाव्या हाताने उचलला.

"बटाटा," तो म्हणाला.

म्हातारीने मान वर केली. "तातो," ती म्हणाली. वेल्शमध्ये बटाट्यांना तातो म्हणतात.

"बटाटा."

"तातो."

ती हसली. तिच्या तोंडात वरचे दात नव्हते. मग ती बोलत सुटली आणि शेखरही बोलू लागला. मिरजेचा बाजार, मातीने माखलेले बटाटे, त्याच्या वडिलांची पिशवी. शब्द सुटे सुटे येत होते, मध्ये मोठाल्या फटी. त्या फटींत म्हातारी शांतपणे बटाटा सोलत राहायची, जणू सगळी माणसं अशीच बोलतात. तिला त्याच्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि त्याला तिच्यातलं. कुणी कुणाचं वाक्य पुरं करू शकत नव्हतं. मी चहाचा कप घेऊन ओसरीवर जाऊन बसले. आतून दोन भाषा ऐकू येत होत्या, एक माझी आणि एक परकी, आणि दोन्ही सारख्याच संथ. पाऊस थांबला तेव्हा परात भरली होती. म्हातारीने त्याच्याकडे बोट करून विचारलं, "पानेद?" म्हणजे चहा घेणार का. त्याने मान हलवली नाही. तो म्हणाला, "कॉफी."

दुपारी आम्ही पेंत्रे इव्हानला गेलो. माळावर तीन उभ्या शिळा आणि त्यांच्या टोकांवर अलगद टेकलेली एक प्रचंड आडवी शिळा. केल्टिक लोक इथे आले त्याच्याही आधीपासून ती तशीच आहे, हजारो वर्षं. तिन्ही दगड तिला फक्त टोकाने शिवतात. मला वाटलं होतं जोर लावून धरावं लागत असेल.

शेखर पूर्ण बरा झाला असं मी लिहिलं तर खोटं होईल. हॉस्पिटलात तो परतला नाही. आकडे अजून त्याला फसवतात. तारीख विचारली तर महिना बरोबर सांगतो आणि दिवस चुकतो. इंग्रजी आलंय, पण पाहुणीसारखंच, मनात असेल तेव्हा. दमला की गप्प होतो. मीसुद्धा अजून चुकते. परवाच शेजारी बोलत असताना मी मध्ये पडले आणि त्याने टेबलाखाली माझ्या हातावर दोनदा टकटक केलं. थांब. मी थांबले. ज्यांनी ज्यांनी त्या आठवड्यात मला थांबवलं त्यांचे आभार कसे मानावेत हे मला माहीत नाही. ईशाचे मी मानले, उशिरा आणि ओशाळून. ग्वेनला दर दिवाळीला कार्ड पाठवते. तिची आई मागच्या वर्षी गेली. राहिल्या वाटेवर उतरलेल्या त्या दोन मेंढ्या, त्यांचे आभार कसे मानू.

पण मला सांगायचाय तो शेवटचा दिवस. नेव्हर्नजवळच्या न्यूपोर्टच्या वाळूवर आम्ही सायकली टेकवून बसलो होतो. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं आणि ओली वाळू आभाळासारखी चमकत होती. शेखरने माझ्या खिशाकडे बोट केलं. मी विचारलं नाही काय हवंय. वाट पाहिली.

"दादा," तो म्हणाला. "फोन."

दादा म्हणजे त्याचे थोरले भाऊ, सांगलीला असतात. वडील लवकर गेले, शेखरचं शिक्षण दादांनी केलं. स्ट्रोकनंतर ते दर रविवारी फोन करायचे. मी स्पीकर लावायची, ते बोलायचे, मी शेखरच्या वतीने उत्तरं द्यायची, आणि तो मध्येच उठून खोलीबाहेर जायचा. दादा मग मला विचारायचे, "गेला का तो?" मी हो म्हणायची. वर्षभर दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

मी नंबर लावून फोन त्याच्या डाव्या हातात दिला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ असणार. त्याने फोन कानाला लावला आणि मी उठले. ईशाही उठली. आम्ही दोघी पाण्याकडे चालत गेलो, जिथून त्याचा आवाज ऐकू येणार नाही तिथपर्यंत. मग आणखी थोड्या पुढे, कारण मला माझा भरवसा नव्हता.

वळून पाहिलं तेव्हा तो गुडघे जवळ घेऊन बसला होता. ओठ हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. एकदा त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही आणि ईशा निघालीच होती त्याच्याकडे. मी तिची बाही धरली. मग त्याचा उजवा हात, तो कमजोर हात, वर आला आणि हवेत काहीतरी दाखवू लागला. समुद्र असेल, सायकल असेल. फोनवर माणसाला हात दिसत नाही हे तो विसरला होता. बोलणारी माणसं विसरतात तसं.

आम्ही थंड पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिलो. पाय बधिर झाले तरी उभ्या राहिलो. पाऊण तासाने त्याने हात वर करून आम्हाला बोलावलं, फोन माझ्या हातात दिला आणि वाळू झटकत उभा राहिला. दोघं भाऊ काय बोलले ते त्याने सांगितलं नाही, आणि मी आजतागायत विचारलेलं नाही.